गोळीचा वार

केसपेपरच्या खिडकीपुढची रांग जिन्यापर्यंत आली आहे आणि मामा रांगेत उभे राहायला तयार नाहीत. गर्दीचं त्यांना काही नाही. उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेली, खच्चून भरलेल्या गाडीत पुढून मागे तिकिटं देत फिरलेला माणूस. पण रांगेत मागचापुढचा अंगाला लागतो, ते त्यांना नको असतं. म्हणून रांगेत मी, आणि ते भिंतीच्या कडेला. पूर्ण बाह्यांचा स्वेटर, कानटोपी, दोन्ही हात खिशात. डिसेंबर आहे, बालाघाटावरचं गार वारं सुटलंय, त्यामुळे आज हा वेश कुणाला खटकत नाही. मामा मे महिन्यातही असेच असतात, फक्त कानटोपी नसते.

त्वचारोग विभाग पहिल्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला. बाकावर आमच्या शेजारी एक बाई आणि तिचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा. मुलाच्या शर्टाची वरची दोन बटणं उघडी आहेत, आत छातीवर थेंबाथेंबांएवढे लाल ठिपके, वर पांढरट कोंडा. दिवाळीत घसा सुजला होता, ताप होता, तो उतरला आणि पंधरा दिवसांत हे अंगभर उठलं, असं त्याची आई मला सांगते. मी विचारलेलं नसतं. इथे बसलेल्या प्रत्येकाला कुणीतरी विचारायच्या आधीच सांगून टाकायचं असतं. "गुरुजींनी ह्याला मागच्या बाकावर एकटा बसवलाय," ती म्हणते. मुलगा खाली बघत चपलेचा पट्टा ओढतो.

पलीकडे जीन्समधला एक पोरगा. जांघेतलं गजकर्ण मांडीवर, पोटावर पसरलंय. औषधाच्या दुकानातून मलम आणलं, चार दिवस आराम पडला, मग दुप्पट. त्याच्या हातातल्या ट्यूबवर तीन औषधांची नावं आहेत, त्यातलं पहिलं क्लोबेटासॉल. असली स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा सरकारी आदेश २०१८ सालीच निघाला. ट्यूब कुठून आणली विचारलं तर तो सहज सांगतो, स्टँडासमोरून.

मामांचा नंबर पुकारतात. ते उठतात, खिशातून रुमाल काढतात आणि ज्या जागेवर बसले होते तेवढा बाक पुसून घेतात. रुमालाच्या घडीत पांढरा भुसा जमतो. घडी उलटी करून रुमाल परत खिशात. इतक्या सफाईनं, की शेजारच्या बाईला कळतसुद्धा नाही.

आत टेबलामागे मॅडम आहेत, चाळिशीच्या, आवाज थोडा बसलेला. भोवती चार-पाच इंटर्न. मागच्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांनी बघून रक्त तपासायला दिलं होतं, छातीचा फोटो काढला होता. ते कागद मी पुढे करतो. मॅडम कागद बाजूला ठेवतात.

"आधी अंग बघू. स्वेटर काढा, मामा. शर्टही."

मामा इंटर्नकडे बघतात. त्यांत दोन मुली आहेत. मॅडमच्या ते लक्षात येतं, त्या पडदा ओढून घेतात, आणि मग मामा शर्टाची बटणं काढतात. कोपरं, गुडघे, कमरेचा मागचा भाग, डोक्यात केसांच्या कडेनं कपाळावर आलेली पट्टी. लालसर चट्टे, कडा स्पष्ट, वर चांदीसारखी चमक असलेले पापुद्रे. कमरेला, करदोडा जिथे काचतो तिथे, बरोबर करदोड्याच्या रेषेत चट्टा उठलाय. मॅडम इंटर्नना ती रेष दाखवतात. "कातडीला जिथे घासेल, खरचटेल, भाजेल, तिथे तो नवा उठतो. कोब्नर नावाच्या जर्मन डॉक्टरानं एकोणिसाव्या शतकात हे लिहून ठेवलं. म्हणून करदोडा सैल. आणि आंघोळीला काय वापरता?"

"वजरी," मामा म्हणतात. "घासून काढल्याशिवाय बरं वाटत नाही."

"आजपासून वजरी बंद."

मग त्या काचेच्या पट्टीची कड कोपराच्या चट्ट्यावर हलक्या हातानं फिरवतात. मी पडद्याच्या फटीतून बघतोय. आधी कोरडा भुसा पडतो. मग मेणकट पापुद्रे सुटायला लागतात. मग खाली ओलसर, चकाकणारा पातळ पडदा दिसतो, आणि तो निघाला की रक्ताचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उगवतात, एक, दोन, पाच. मामांना काही दुखत नसावं, ते छताच्या पंख्याकडे बघतायत. "ऑस्पिट्झ साइन," एक इंटर्न पुटपुटतो. मॅडम मान हलवतात, कापूस दाबतात आणि समजावतात. निरोगी कातडीत खालची पेशी वर येऊन गळायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये तीच पेशी तीन-चार दिवसांत वर येते. पिकायच्या आत आलेल्या पेशींचे थरावर थर, ते हे पापुद्रे. आणि त्या थराखाली रक्तवाहिन्या फुगून वर आलेल्या, ते हे ठिपके. शरीराची संरक्षण यंत्रणाच कातडीवर उठलेली असते. बाहेरचा जंतू त्यात नाही, त्यामुळे हा कुणाकडून कुणाला लागत नाही.

"लागत नाही," मामा एकदम म्हणतात. पंख्यावरची नजर खाली आलेली. "हे जरा मोठ्यानं सांगा, बाई. बाहेर बसलेल्यांना ऐकू जाऊ द्या."

आणि मग, शर्ट अर्धा चढवलेला, हा एरवी अबोल माणूस बोलायला लागतो. बसमध्ये लोक सुटे पैसे त्यांच्या हातातून घ्यायचे नाहीत, सीटवर ठेवा म्हणायचे. एका बाईनं तिकीट पदराच्या टोकात धरून घेतलं होतं. गावचा न्हावी, लहानपणचा मित्र, दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हाच या म्हणाला. "लोकांना वाटतं महारोग आहे," मामा म्हणतात.

मॅडम इंटर्नकडे वळतात. व्हिएन्नाच्या हेब्रांनी १८४१ साली हा रोग आणि कुष्ठरोग वेगळे आहेत हे पक्कं केलं, त्याआधी शतकानुशतकं दोन्हींना एकच समजत, सोरायसिसचे रोगी कुष्ठरोगी म्हणून गावाबाहेर. मला मात्र वेगळंच वाटत राहतं. समजा कुष्ठरोगच असता, तरी पदरात तिकीट धरायचं काही कारण नव्हतं. बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन उभं केलं १९४९ साली. त्या महाराष्ट्रातली ही बस, आणि तिच्यात हे चाललेलं.

आता हात. मॅडम मामांचा पंजा पालथा करतात आणि नखं उजेडात धरतात. नखांवर बारीक बारीक खड्डे, शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे. दोन नखं टोकाकडून सुटून पिवळी पडलेली. पण त्या बघतायत ते उजव्या हाताच्या मधल्या बोटाकडे. ते मुळापासून टोकापर्यंत सरसकट सुजलंय.

"सकाळी उठल्यावर बोटं आखडतात?"

"आखडतात की."

"किती वेळ?"

मामा विचार करतात. "चहा होतो, पेपर वाचून होतो, आंघोळीचं पाणी तापतं. तोवर."

म्हणजे अर्ध्या तासापेक्षा जास्त. मॅडम कागदावर लिहितात. "हे वयाचं दुखणं नाही मामा, आणि तिकीट यंत्राचंही नाही. ह्याच रोगाचं आहे. कातडीचा सोरायसिस असलेल्यांत तीसेक टक्क्यांपर्यंत लोकांचे सांधे धरतो. वेळेत आवरला नाही तर सांधा कायमचा वाकडा होतो."

त्या मामांचाच पंजा त्यांच्या पाठीवर, पोटावर, मांडीवर ठेवून चट्टे मोजतात. बोटांसकट एक पंजा म्हणजे ढोबळमानानं अंगाचा एक टक्का. दहा पंजांच्या वर गेलं की नुसत्या मलमावर भागत नाही. मामांचे चौदा भरतात. त्यानंतर सिस्टर बीपी घेतात, वजन करतात आणि टेप काढून कंबर मोजतात.

"चामडीच्या खात्यात कंबर कशाला?" मामा मला कुजबुजत विचारतात.

मॅडमना ऐकू जातं. "आतली आग नुसत्या चामडीत नसते म्हणून. सोरायसिसवाल्यांना मधुमेह, बीपी, हृदयविकार जास्त होतात. आणि पोटाची चरबी ही आग वाढवते. पाच-सात किलो उतरवलं तर औषधही नीट लागू पडतं. विडी ओढता?"

मामा गप्प.

"ती सोडायची. खाण्यात काय पाळता?"

इथे मामा खुलतात. वांगं बंद, आंबट बंद, मासे बंद, चवळी बंद, दूध-केळं बंद. कुणी काय सांगितलं आणि कधीपासून सोडलं, सगळं तोंडपाठ.

"वांग्यानं वाढलं असं तुम्ही स्वतः बघितलंय?"

"नाही. लोक म्हणाले."

"मग खा. भरीत खा, मासे खा. एखाद्या पदार्थानं दर वेळी त्रास होतो असं तुमचं तुम्हाला दिसलं तर तेवढा सोडा. लोकांचं ऐकून जेवण कमी करायचं आणि विडी-दारू चालू ठेवायची, असं उलटं पथ्य मी रोज बघते."

एवढ्यात बाहेर गलका होतो आणि स्ट्रेचर आत येतं. मॅडम आमचा कागद तसाच सोडून उठतात. स्ट्रेचरवर दोन घोंगड्यांत गुंडाळलेला माणूस, दात कडकड वाजतायत. घोंगडी बाजूला केली तर टाळूपासून पायापर्यंत लालभडक, निरोगी कातडीचा एक तुकडा नाही, आणि चादरीवर पापुद्र्यांचा खच. बरोबरच्या मुलाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात कागदाच्या पुड्या. नाव नाही, गाव नाही, औषध काय ते नाही. कुणा वैद्यानं दिलेल्या, मुळासकट घालवतो म्हणून. वर्षभर अंग अगदी साफ होतं, मग पैसे संपले आणि पुड्या बंद केल्या. तीन आठवड्यांत हे.

"स्टेरॉइड असणार," मॅडम इंटर्नना सांगतात, हात चालूच. "पोटातून स्टेरॉइड दिलं की सोरायसिस झटक्यात उतरतो आणि थांबवलं की असा उसळतो. सगळी कातडी पेटली की अंगात ऊब टिकत नाही, पाणी आणि प्रथिनं निघून जातात, हृदयावर ताण येतो. वॉर्डात हलवा, तापमान बघा, सलाईन लावा."

स्ट्रेचर जातं. मॅडम येऊन बसतात, पेन शोधतात. मामा स्वेटरच्या आतल्या खिशात हात घालतात आणि कागदाची एक चुरगळलेली पुडी टेबलावर ठेवतात. मलाही हे ठाऊक नव्हतं.

मॅडम रागावत नाहीत. "शेवटची कधी घेतलीत?"

"दसऱ्याच्या आधी."

"आणि अंग कधी फुललं?"

"दिवाळीत."

त्या पुडी पाकिटात घालून केसपेपरला टाचतात. मग मामा विचारतात, इथला प्रत्येक जण विचारतो तेच. कायमचा जाईल का?

"नाही. मुळासकट घालवतो म्हणणाऱ्याकडे जायचं नाही. अंग साफ होईल, वर्षानुवर्षं साफ राहूही शकेल. पुन्हा उठला तर पुन्हा आवरायचा."

मामांच्या चेहऱ्यावर मला निराशा दिसेल असं वाटलं होतं, ती दिसत नाही. इतक्या वर्षांत सरळ उत्तर देणारं माणूस त्यांना पहिल्यांदा भेटत असावं.

शेजारच्या खोलीचं दार उघडं आहे. तिथे उभ्या कपाटाएवढं यंत्र, आत चारही बाजूंनी उंच नळ्या. बार्शीकडून येणारी एक बाई डोळ्यांवर गडद गॉगल लावून आत जाते, सिस्टर दार लावतात, निळसर उजेड फटींतून बाहेर येतो, पंखा घोंघावतो, दीड मिनिटात ती बाहेर. अतिनील किरणांचा ३११ नॅनोमीटरचा तेवढाच पट्टा ह्या नळ्यांतून निघतो. मात्रा थोडीथोडी वाढवत न्यायची, आठवड्यातून तीन वेळा, दोन-तीन महिने. पोटात काही घ्यावं लागत नाही, बाळंतिणीलाही चालतं. ह्या बाईच्या तळव्यापासून पोटरीपर्यंतचे चट्टे आता नुसते तपकिरी डाग उरलेत. "२०२३ पासून आम्हाला एसटीत अर्धं तिकीट झालं म्हणून येते," ती म्हणते. "पुरं असतं तर आठवड्याला तीन हेलपाटे कोण करतं? रोजगार बुडतो तो वेगळाच." उपचार सरकारी, यंत्र चांगलं, गुणही येतो, आणि तो मिळणं-न मिळणं शेवटी बसच्या भाड्यावर. तालुक्याच्या दवाखान्यात असं एकेक यंत्र का नसावं, ह्याचं उत्तर ज्यांनी द्यायचं ते ह्या बाकावर कधी बसत नाहीत.

मामांनाही प्रकाशाचे उपचार चालले असते, पण बोट आडवं येतं. उजेड सांध्यात पोचत नाही. एक इंटर्न इंजेक्शनांचं विचारतो. मॅडम सांगतात, आहेत, जैविक औषधं आहेत, गुणही फार चांगला. इटोलिझुमॅब तर २०१३ साली बेंगळुरूच्या बायोकॉननं सोरायसिससाठी आपल्याकडेच आणलं. पण ती महाग, आणि देण्याआधी क्षयाची तपासणी काटेकोर लागते. "आधी स्वस्तातली जुनी गोळी. रिपोर्ट दाखवा." यकृत ठीक, मूत्रपिंड ठीक, रक्तपेशी ठीक, काविळीच्या तपासण्या निगेटिव्ह, छातीचा फोटो स्वच्छ. त्या लिहितात, मेथोट्रेक्सेट.

लिहून झाल्यावर त्या पेन खाली ठेवतात आणि मामांकडे सरळ बघतात. "आता नीट ऐका. ही गोळी आठवड्यातून एकदा. रोज नाही. रोज घेतली तर तोंड येतं, रक्तपेशी कोसळतात, माणूस दगावतो. वार कोणता ठेवायचा?"

"गुरुवार," मामा म्हणतात. मग लगेच, "नको, गुरुवारी दत्ताचा उपवास."

"मग?"

"रविवार."

"चालेल."

"पण रविवारी मटण असतं."

इंटर्न हसतात. मॅडमही. "मटण खा, त्याचं काही नाही. दारू मात्र एक थेंब नाही, थर्टी फर्स्टलासुद्धा नाही, गोळी चालू आहे तोवर. आणि बाहेर कुणी ताप-लघवीचं, अंगदुखीचं औषध लिहून दिलं तर आधी सांगायचं, मी मेथोट्रेक्सेटवर आहे. काही औषधं ह्याच्याबरोबर चालत नाहीत. तोंड आलं, ताप आला, धाप लागली तर गोळी थांबवून इकडे यायचं. दोन आठवड्यांनी रक्त." त्या लाल पेन घेतात आणि चिठ्ठीवर, औषधाच्या नावापुढे, मोठ्या अक्षरात 'रविवार' लिहितात. खाली फॉलिक अ‍ॅसिड, त्यापुढे 'बुधवार'.

पुढचं काम सिस्टरचं. त्या मामांना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवतात आणि मलमाची ट्यूब हातात देतात. "तर्जनीच्या शेवटच्या पेरापासून टोकापर्यंत दाबा." मामा दाबतात, पांढरी रेघ पेरावर उतरते. "हे साधारण अर्धा ग्रॅम. एवढं दोन पंजांच्या जागेला पुरतं. कमी लावलं तर गुण नाही, जास्त लावून उपयोग नाही. तोंडाला आणि जांघेत हे लावायचं नाही." पाणी कोमट, कढत नाही. टॉवेलनं टिपायचं, रगडायचं नाही. आणि अंग ओलसर असतानाच, मोरीतून बाहेर यायच्या आत, व्हॅसलीन नाहीतर खोबरेल. हिवाळ्यात दिवसातून दोनदा. डोक्याला डांबराचा शाम्पू, पाच मिनिटं ठेवून मग धुवायचा.

मला कबूल करायला पाहिजे, इथे वैद्यकापेक्षा जास्त काम ही सिस्टर करते. सगळी औषधं जुनी, स्वस्त, माहीत असलेली. मामांनी त्यातली निम्मी घेऊन टाकून दिली होती, कारण किती लावायचं आणि कुठे, हे पेरावर दाबून कुणी दाखवलंच नव्हतं.

आम्ही निघतो तेव्हा ती आई मुलाला घेऊन टेबलासमोर आहे. मॅडमनी घसा बघितलाय, औषध लिहिलंय, ह्या वयात घशाच्या आजारामागून आलेला असा पुरळ बहुतेकदा काही महिन्यांत मावळतो असं सांगितलंय, आणि आता दवाखान्याच्या छापील कागदावर त्या मुख्याध्यापकांना पत्र लिहितायत. हा आजार संसर्गजन्य नाही, मुलाला सर्वांबरोबर बसू द्यावं. खाली सही, शिक्का. मामा दारात थांबून ते पूर्ण लिहून होईपर्यंत बघतात.

औषधांच्या खिडकीवर पुन्हा रांग. ह्या वेळी मामा स्वतः उभे राहतात, पुढच्यापासून हातभर अंतर ठेवून. खिडकीतला पोरगा दोन पट्ट्या सरकवतो. दोन्हींतल्या गोळ्या लहान, पिवळट, पटकन ओळखू न येणाऱ्या. सवयीनं तो दोन्ही पट्ट्यांवर पेननं 'रोज १' असं खरडतो आणि पुढचा कागद ओढतो.

"थांबा," मामा म्हणतात. "कोण म्हणालं रोज?" ते चिठ्ठी खिडकीच्या गजातून आत धरतात आणि लाल अक्षरांवर सुजलेलं बोट ठेवतात. पोरगा बघतो, ओशाळतो, खोडतो, एका पट्टीवर 'फक्त रविवार' आणि दुसरीवर 'फक्त बुधवार' लिहितो. मामा ती दोन्ही वाचून घेतात, पट्ट्या वेगवेगळ्या खिशांत ठेवतात. घरी गेल्यावर कालनिर्णयवर खुणा करायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलंय.

तुमच्या घरात कुणाच्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट असेल, मग ती सोरायसिससाठी असो की संधिवातासाठी, तर आज ती काढून बघा. त्या नावापुढे वार लिहिलेला नसेल, तर पुढची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांकडून तो लिहून घ्या.